फळ्या वेळेत काढा, मासे आपोआप चढतील

महोदय,

आर्द्राचा पहिला दणका बसला की आमच्या गावच्या बंधाऱ्यावर रात्री बॅटऱ्या चमकू लागतात. दारणेला नवं पाणी आलं, मासे चढणीला लागले, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघाले, एवढं सांगायला कुणाच्या निरोपाची गरज नसते. लहानपणी वडिलांच्या मागे कंदील धरून मीही गेलोय, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणत नाही. पण गेल्या पावसाळ्यात पाहिलेलं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मृग कोरडा गेला होता, म्हणून केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या तशाच ठेवल्या होत्या. पिण्याचं पाणी हवं, हे समजतं. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूर आला तरी त्या निघाल्या नाहीत. पाणी फळ्यांवरून सांडत होतं आणि खालच्या काँक्रीटच्या ओट्यावर जेमतेम वीतभर साचलं होतं. माशाला उडी घ्यायला खाली खोल पाणी लागतं, ते तिथे नव्हतंच. हातभर लांबीची एक खडशी (शहरात हिलाच महाशीर म्हणतात) तीनदा उसळली आणि तिन्ही वेळा फळ्यांवर आपटून ओट्यावर पडली. चौथ्यांदा उसळायच्या आत एका पोरानं तिच्यावर गोणपाट टाकलं. उचलताना पोट दाबलं गेलं आणि त्याच्या मनगटावरून पिवळी अंडी ओघळली. दुसऱ्या दिवशी मी संबंधित कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, "काका, मासे आमच्याकडे येत नाहीत." बरोबरच आहे, यायला वाट कुठे आहे!

ही खडशी मूळची आपलीच. इंग्रज अधिकारी कर्नल साईक्सनं 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतली म्हणून तिची शास्त्रीय नोंद केली. तिच्या शास्त्रीय नावात आजही 'खुद्री' हा शब्द आहे, तो इथल्याच कोळ्यांच्या बोलीतून गेला असणार.

माझी मुलगी सिएटलला असते. प्रेसमधून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे गेलो होतो. तिथे समुद्र आणि तलाव यांच्यामध्ये बोटींसाठी मोठे दरवाजे आहेत. ते 1917 साली सुरू झाले, म्हणजे आपलं दारणा धरण पुरं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी. दरवाजांच्या बाजूला सॅमन माशांसाठी 21 पायऱ्यांची शिडी आहे, आणि जमिनीखाली काचेची खिडकी. तिथे उभं राहून मी अर्धा तास मासे चढताना पाहिले. बायको म्हणाली, चला आता, मासे काय पाहायचे! सॅमन समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो, अंडी घालतो आणि बहुतेक मरतो. आपली खडशी पूर ओसरला की खाली येते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चढते. म्हणजे एक मासा वाचवला तर तो अनेक वर्षं अंडी देईल.

तिथलंही सगळं आलबेल नाही. त्या भागातला चिनूक सॅमन 1999 पासून सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्याच राज्यात एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली, त्यात सॅमनला वरचं पात्र मोकळं करणं हाच मोठा हेतू होता. माझी मागणी तशी नाही. दारणेच्या पाण्यावर माझाच ऊस उभा आहे.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार केली जातात. तशी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) इथेही आणून सोडा, असं कुणी सुचवतं. जरूर सोडा. पण खडशी अंडी घालते ती वाहत्या, स्वच्छ पाण्यात, गोट्यांच्या आणि वाळूच्या तळावर. तिथवर जाण्याची वाट बंद आणि तळाची वाळू ट्रॅक्टरमध्ये, मग त्या बोटुकल्यांनी मोठं होऊन करायचं काय? उलट आपल्या त्र्यंबकच्या डोंगरातच उगम पावणाऱ्या वैतरणेवर, वाड्याजवळ तिळसे इथे देवळापाशी महाशीर निर्धास्त फिरतात, कारण देवाच्या माशांना कुणी जाळं लावत नाही. दारणेच्या माशांना देव नाही, निदान खातं तरी असावं.

पाणी राखायचं असेल तर राखा, पण पहिला पूर येण्याआधी मधल्या दोन-तीन गाळ्यांच्या फळ्या तरी काढा. पूर चढता असताना पंधरा दिवस बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाळी लावू देऊ नका. जिलेटिन फोडून किंवा ब्लीचिंग टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तसा फलक बंधाऱ्यावर लावा. आणि ओट्याखाली मोठ्या दगडांचा उतार रचून घ्या, म्हणजे मासा टप्प्याटप्प्यानं वर सरकेल. त्याला फार खर्च नाही. दगड माझ्या बांधावर पडलेले आहेत, ट्रॅक्टरही माझाच आहे. फक्त कुणाची परवानगी घ्यायची, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार, नाशिक रोड