दंडातली नळी आणि घरी जाणारा रुग्ण

महोदय,
मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. केमोथेरपीसाठी दंडाच्या शिरेतून घातलेल्या पिक लाइनमुळे (औषध देण्याची लांब, बारीक नळी) रुग्णाच्या वारंवारच्या सुया वाचतात, हे खरंच. पण तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, हे घरी जाणाऱ्या किती जणांना कुणी समजावून सांगतं? परवा एक आजी आल्या. हात सुजलेला, अंगठी बोटात रुतलेली, खांद्यात ठणका. घरच्यांनी शेक दिला होता. सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइन सोडून धुतल्यावर, हुडहुडी भरून ताप आला, तर जंतुसंसर्ग रक्तात पोचला असू शकतो. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. लाइन असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असल्यास लाइन घालण्याआधीच डॉक्टरांना सांगा. पुढे डायलिसिस लागलं तर याच शिरा हव्या असतात. ड्रेसिंग ओलं झालं की लगेच बदलून घ्या.

हे सगळं डिस्चार्जच्या कागदावर रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत छापावं, अशी रुग्णालयांना कळकळीची विनंती. सोबत नळीची बाहेर दिसणारी लांबीही लिहावी, म्हणजे ती सरकली तर घरीच कळेल.

– एक परिचारिका