नातीचं आडनाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कुलवृत्तांतात घालायला जावयाच्या घराण्याचं मूळ गाव विचारलंत. ओ'सलिव्हन हे आयरिश आडनाव गावावरून आलेलं नाही. सुलवॉन नावाचा कोणी पूर्वज होता, त्याचे वंशज ते 'ओ सुलवॉन'. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. सुरुवातीच्या 'सूल'चा अर्थ डोळा. पुढच्या भागावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी 'काळ्या डोळ्यांचा' म्हणतात, कोणी 'एका डोळ्याचा'. दोन्ही लिहा.

मुलींचं आडनाव आयरिशमध्ये बदलतं. तिथे आपल्या छकुलीचं आडनाव 'नी हूलवॉन' होईल, 'स'चा 'ह' होऊन. आई, तू तिला हाक मारताना एकदा म्हणून बघ, फार गोड वाटतं. माझं माहेरचं नाव मी बदललेलं नाही, तेही तसंच लिहा.

ओ'सलिव्हनांची जुनी जमीन आयर्लंडमधल्या टिपररी भागात होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून चालून आलेल्या नॉर्मन लोकांच्या रेट्यामुळे ते दक्षिणेला कॉर्क-केरीकडे सरकले. जावयाची शाखा त्याच भागातल्या बेरा द्वीपकल्पातली. तिथे सलिव्हन इतके, की घराघराला आणखी एक ओळखीचं नाव लागतं, आपल्याकडे वरच्या घरचे, खालच्या घरचे म्हणतात तसं.

एक हकिगत मात्र सविस्तर लिहाच. १६०१ साली दक्षिण किनाऱ्यावरच्या किन्सेलला इंग्रजांनी आयरिश सरदारांचा पराभव केला आणि पुढच्या उन्हाळ्यात बेराच्या ओ'सलिव्हनांचा डनबॉय किल्ला पाडला. १६०२ च्या शेवटच्या दिवशी त्यांचा प्रमुख डोनल काम ओ'सलिव्हन सुमारे हजार माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला. त्यातले चारशेच्या आसपास सैनिक, बाकी बायका-मुलं आणि नोकरचाकर. कडाक्याची थंडी, वाटेत जागोजागी हल्ले. शॅनन नदी ओलांडायला होड्या नव्हत्या, म्हणून घोडे मारून त्यांच्या कातड्यांच्या होड्या केल्या. पंधरवड्याने लीट्रिमला ओ'रुर्क सरदाराच्या आश्रयाला पोहोचले ते फक्त पस्तीस. कित्येक मारले गेले, कित्येक थंडी-भुकेने गेले, काही वाटेतच मागे राहिले. त्या पस्तीसांत एक बाई होती. तिचं नाव मला अजून सापडलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं. आपल्याही वंशावळीत सुनांच्या जागी किती ठिकाणी नुसती रेघ आहे. बाबा, या खेपेला लेकी-सुनांची नावं पुरती घाला.

नंतर इंग्रजी अमलात बहुतेकांचा 'ओ' गळून पडला. १९०१ च्या जनगणनेत जावयाच्या पणजोबांची नोंद नुसती 'सलिव्हन' अशी मिळाली. आयरिश भाषेची चळवळ वाढली तशी पुष्कळ घराण्यांनी 'ओ' परत लावला, यांच्या घरी तो आजोबांनी लावला. त्याआधीचे कागद मिळणं कठीण. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळाला आणि शतकांचे दस्तऐवज गेले. सासूबाईंना आठवतं तेवढं मी वहीत उतरवून घेते आहे, त्या सांगताना थकत नाहीत.

मे महिन्यात तुम्ही आलात की बेराला जाऊ. डनबॉयचे पडके अवशेष अजून आहेत, रस्ता सोपा आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. व्हिसाचे कागद या आठवड्यात पाठवते. बाबा, पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवा.

तुमची,
चिमी