बाळाची आणि त्याच्या आईबाबांचीही शुश्रूषा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात बाबांनी विचारले होते की, इतकी वर्षे गंभीर आजारी तान्ह्या बाळांमध्ये काढल्यावर आता एखादा हलका विभाग मी का मागून घेत नाही. त्याखाली आईने एकच ओळ लिहिली होती, 'तुला रडू येत नाही का?' फोनवर याचे उत्तर धड देता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

रडू येते, आई. पण हे काम सोडावेसे वाटत नाही, कारण काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या जिवाची वेदना ओळखणे आणि घाबरून गेलेल्या आईबापांचा त्याच्यावरचा हक्क त्यांना परत मिळवून देणे, ही दोन्ही कामे बाळाजवळ आठ-आठ तास उभ्या असलेल्या नर्सनेच करायची असतात.

गर्भारपणाचे 28 आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वजन बहुधा किलोभर किंवा त्याहूनही कमी असते आणि त्याची त्वचा इतकी नाजूक असते की, नळीवरची चिकटपट्टी घाईने ओढली तर त्वचेचा वरचा थरही निघून येतो. म्हणून पट्टी आधी नीट भिजवायची, एका बोटाने शेजारची त्वचा अलगद दाबून धरायची आणि मग कडेकडेने ती सोडवत जायची. बाबा, 1980 च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टर असे मानत की, नवजात बाळाला मोठ्या माणसासारख्या वेदना होत नाहीत. त्यामुळे पुरेशी भूल न देता शस्त्रक्रियासुद्धा होत असत. 1987 मध्ये आनंद आणि हिकी या दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या लेखानंतर हा समज झपाट्याने मागे पडला. आज टाचेतून रक्त घ्यायचे असले तरी दोन मिनिटे आधी आम्ही बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे किंवा आईच्या दुधाचे थेंब सोडतो. एक तळवा डोक्याशी आणि दुसरा दुमडलेल्या पायांशी ठेवून बाळाला सावरून धरतो. सुई निघाल्यावरही हात लगेच काढायचे नसतात. ताठरलेली बोटे पुन्हा मिटेपर्यंत थांबायचे असते.

बाळाची आई पहिल्यांदा आत येते तेव्हा बहुतेक वेळा हात मागे बांधून उभी राहते आणि विचारते, 'सिस्टर, हात लावला तर चालेल का?' स्वतःच्या लेकराला स्पर्श करण्यासाठी तिला परवानगी मागावी लागते, हे मला आजही सहन होत नाही. मी तिला हात धुवायला सांगते आणि समजावते की, इतक्या लहान बाळाला कुरवाळल्याने त्रास होतो, त्यापेक्षा तळहात त्याच्यावर स्थिर ठेवावा. तिला आलेला चीक, म्हणजे पहिले घट्ट दूध, अगदी थेंबभर असला, तरी डॉक्टरांची हरकत नसेल तर तो बोळ्याने बाळाच्या गालाच्या आतून लावतो. वडील बहुधा मॉनिटरचे आकडे पाहत राहतात. मी त्यांना म्हणते, 'आकड्यांवर माझे लक्ष आहे, तुम्ही बाळाकडे पाहा.' आईबापांना भेटीची वेळ ठरवून देणे मला मुळातच पटत नाही, कारण ती काही पाहुणे म्हणून आलेली माणसे नसतात.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची पद्धत 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता त्यांना जन्मानंतर लगेच असे धरल्यास पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये तशी शिफारस केली. म्हणजे आईची ऊब हा उपचाराचाच भाग आहे.

तरीही काही बाळे वाचत नाहीत, आणि आई, तुझा रडण्याबद्दलचा प्रश्न त्यांच्याबद्दलच होता, हे मला कळते. डॉक्टर बोलून गेले की आईबाप तोच प्रश्न पुन्हा मला विचारतात. तेव्हा खोटी आशा न दाखवता, डॉक्टरांनी सांगितले तेच, पण सावकाश आणि सोप्या शब्दांत सांगावे लागते. 'दुसरे होईल' हे वाक्य मी कधीही उच्चारत नाही, कारण त्यांना हेच बाळ हवे असते. नाव ठेवले असेल तर नावानेच बोलते. गरज संपलेल्या नळ्या काढून बाळाला मऊ कापडात गुंडाळते आणि त्यांच्या कुशीत देते. त्यांची इच्छा असेल तर पावलांचे ठसे घेते, अंग पुसायला त्यांचा हात लागावा असे वाटत असेल तर कोमट पाणी आणून देते. आणि त्यांना घाई करायला कोणी आले, तर त्याला दारातच थांबवते. अशी ड्युटी संपली की आम्ही सहकारी थोडा वेळ एकत्र बसून बोलतो आणि मगच घरी जातो, त्यामुळे माझी काळजी करू नका.

आई, तू टोपरी शिवून पाठवण्याबद्दल विचारले होतेस. जरूर पाठव. छातीशी धरलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपरे लागतेच. कापड मऊ, सुती आणि धुतलेले असावे, नाडी आणि बटणे नकोत, शिवण बाहेरच्या बाजूला यावी आणि घेर 25 ते 28 सेंटीमीटर ठेवावा. बाबांनी पट्टीने मापे तपासून द्यावीत.

तुमची लेक