‘इथे मी चुकलो’ असं लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

परवा प्रबंध सादर केला. आभाराच्या पानावर रीतीप्रमाणे जी नावं घालायची ती घातली. तुमचं घालू का म्हणून विचारलं, तर ‘मी काय केलंय?’ म्हणालात. म्हणून हे जाहीर पत्र, बिननावाचं.

चार महिने मी एका आलेखाशी भांडत होते. रेले फेडिंगचं चॅनल, म्हणजे वाटेतल्या परावर्तनांमुळे सिग्नलचा जोर कमीजास्त होत राहतो असा बिनतारी मार्ग. तोही दर सिम्बॉलला, पाठवलेल्या प्रत्येक खुणेला, नव्याने बदलणारा, आणि काय बदललं हे ना पाठवणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. फेजवर, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठवर आलीय त्यावर, भरवसाच नाही, हाती उरते ती फक्त ऊर्जा. अशा वेळी चॅनलची पूर्ण क्षमता गाठायला, म्हणजे जास्तीत जास्त माहिती बिनचूक पोचवायला, सिग्नल कोणत्या पातळ्यांवर किती वेळा पाठवावा, ते माझा कोड शोधत होता. माहिती-सिद्धान्ताचा पाया घालणारा शॅनन घोकलेला कुणीही गॉसियनची, घंटेच्या आकाराच्या सलग वक्राची, वाट बघेल, मीही बघत होते. आले दोन सुटे बिंदू, त्यातला एक दर वेळी शून्यावर. म्हणजे एकतर गप्प बसा, नाहीतर जोरात ओरडा!

‘कोडमध्ये घोळ आहे, परत लिही.’ आमच्याकडे हे तीनदा ऐकवलं गेलं. एकदा तर मोबाइलमधून मान वर न काढता. मी तीनदा लिहिला. बिंदू हलले नाहीत.

तुम्हीही आधी ‘हे चुकलेलं दिसतंय’ असंच म्हणालात. (विसरलेले नाही!) पण लगेच म्हणालात, ‘ठेवून जा, कुठे चुकतंय ते बघतो.’ दोन दिवसांनी सात पानं हातात दिलीत, पेन्सिलीने केलेलं गणित. चौथ्या पानावर मला खोटं पाडायला निघालेली एक ओळ होती. तिच्यावर आडवी रेघ आणि खाली, ‘इथे मी चुकलो. आलेख बरोबर.’ शेजारी सही, पेपर तपासताना करायचात तशी.

खोडरबर तर टेबलावरच होतं ना, सर? पान नव्याने लिहून दिलं असतंत तरी मला काय कळणार होतं? हुशार माणसांना आमच्या क्षेत्रात तोटा नाही, पण स्वतःची खाडाखोड विद्यार्थ्याच्या हातात ठेवणारं माणूस मला अठ्ठावीस वर्षांत दुसरं भेटलेलं नाही.

अशा चॅनलसाठी उत्तर मोजक्या सुट्या बिंदूंचंच असतं आणि त्यातला एक शून्यावर, हे अबू-फायसल, ट्रॉट आणि शमाई यांनी 2001 मध्येच सिद्ध केलंय, तो शोधनिबंधही तुम्हीच नंतर काढून दिलात. मी तो शोधलाच नव्हता. चूक माझीच आहे हे इतकं डोक्यात बसलं होतं. तोंडी परीक्षेत तुमचाच दाखला दिला: लांबच्या डोंगरावर दिवा लागलाय की नाही हे धुक्यातूनही कळतं, किती वॅटचा ते कळत नाही. परीक्षक हसले आणि पुढच्या पानावर गेले.

पॉवर वाढवली की कुठेतरी तिसरा बिंदू उगवतो, त्याचा आलेख काल रात्री नीट आला. रविवारी घेऊन येते. कोरं पान आणि पेन्सिल तयार ठेवा.

तुमची,
चौथं पान जपून ठेवलेली विद्यार्थिनी