पुस्तक काढायचं शिक्षण खान्देशात मिळू द्या

मा. संपादक, नमस्कार.

माझी भाची एमए मराठी झाली, तिला पुढे प्रकाशनाचं शिकायचंय, म्हणजे संपादन, प्रूफं, मांडणी, लेखकाशी करार, विक्री सगळंच, पण जळगाव-धुळ्यात जिथे विचारलं तिथे लोक पत्रकारितेचाच कोर्स सांगतात. पत्रकारिता चांगलीच आहे हो, पण बातमीचं काम वेगळं आणि पुस्तकाचं वेगळं.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली, अत्र्यांनी ती वाचून छापायचा आग्रह धरला म्हणून १९५२ ला पुस्तक निघालं, आणि तेही त्या गेल्यावर. आजही गावोगावी अशा वह्या पडून असतील.

त्यात अहिराणी छापायची तर अजून अवघड, आपल्याकडे 'ळ' चा 'य' होतो, डोळा म्हणजे डोया, मग छापताना काय ठेवायचं हे शिकलेला संपादकच नीट ठरवू शकतो ना. फॉन्ट, युनिकोड, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), ईबुक, लेखकानंतर ६० वर्षं चालणारा कॉपीराइट, हे पण आलंच.

विद्यापीठाने दोन वर्षांचा पीजी कोर्स काढावा, त्यातलं एक सेमिस्टर तरी प्रेसमध्ये प्रत्यक्ष काम करायला ठेवावं. भाचीचा पुण्याला जायचा खर्च आम्हाला परवडत नाही.

– एक वाचक, अमळनेर