आधी गाडीखाली झोप आणि चॅसी बघ

सातारा, रविवार

प्रिय पिंट्या,

तुझा व्हॉइस मेसेज परत परत ऐकला, कारण मागं कुणीतरी मिक्सर लावलेला आणि निम्मं काही कळलंच नाही. जेवढं कळलं ते असं की काकांची महिंद्रा कमांडर जीप धूर मारतीय, ऑइल पितीय, मिस्त्री म्हणतोय इंजिन गेलं आणि तुझा धाकटा म्हणतोय द्या भंगारात. फोनवर सांगायचं तर तू नुसतं हां हां करतोस आणि फोन ठेवला की सगळं विसरतोस, म्हणून लिहूनच काढतो. आमच्या जीपचं इंजिन पावसाळ्याच्या तोंडावर बदललं तेव्हापासून गल्लीतलं कोणीही येऊन मला काहीही विचारतं, तू तर हक्काचा.

तर पहिली गोष्ट, इंजिनाकडं आत्ता बघूच नको. गावाला जा, पोतं अंथर, गाडीखाली झोप आणि छोटी हातोडी घेऊन चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत जा. मागचे स्प्रिंगचे पाटे शॅकलला, म्हणजे चॅसीच्या कडीला, जिथं बसतात ती जागा, बॉडीची माउंटिंगं, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट जिथं आहेत तिथलं लोखंड. खणखणीत आवाज आला तर पुढचं वाच. पापुद्रे पडायला लागले, आवाज बद्द आला, तर पत्र इथंच ठेव आणि धाकट्याचं ऐक. इंजिन काय बाजारात मिळतं, उद्या अजून एक मिळेल, पण आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे तो चॅसी नंबर, तोच सडला तर नवीन इंजिन कशात बसवणार? महाबळेश्वर, बामणोलीकडच्या पावसात राहिलेल्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून संपलेल्या असतात, तुमची त्या मानानं कोरेगावच्या कोरड्यातली आहे, मला वाटतं निघेल चांगली.

आणि त्याच दिवशी आरसी बुक काढून तारीख बघ. प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग पुढं ५-५ वर्षांनी रिन्यू करायला लागतं, ग्रीन टॅक्स वेगळा. ते संपलेलं असेल तर आधी त्याचं बघ, नाहीतर इंजिनात पैसे ओतशील आणि गाडी अंगणातच उभी.

आता धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि थंड इंजिनाला चालू करताना पांढरा येत असेल तर डिझेल नीट पेटत नाही. काळ्या धुरासाठी कोणी इंजिन बदलायला सांगत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार कर, एअर फिल्टर आणि डिझेल फवारणारं नोझल बघून घे फक्त. निळा असेल तर गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ. फक फक करून वाफ बाहेर मारत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर घासला आणि जळलेला गॅस खाली ऑइल चेंबरमधे चाललाय. दुसरं, गाडी चांगली गरम झाल्यावर स्लोला ऑइलची लाइट लुकलुकते का बघ. गरम ऑइल पातळ होतं, बेअरिंगं घासलेली असली की प्रेशर धरत नाही. दोन्ही असतील तर मिस्त्री खरं बोलतोय. आणि असं बॅक मारणारं डिझेल इंजिन जास्त ताणू नको राव, ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरची वाफ सोडणाऱ्या नळीतून, ऑइल हवेच्या इनटेकला जायला लागलं तर कधीकधी ते स्वतःच्या ऑइलवरच पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही.

आमचं खोललं तेव्हा मी तिथंच होतो. हेड काढल्यावर मिस्त्रीनं माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेवरून फिरवलं, नख अडकलं रे, चांगली पायरी पडलेली. बेअरिंगच्या वाट्या काढल्या तर वरचा करडा थर जाऊन आतलं तांबं दिसायला लागलेलं. तरी बांधून घेतलं असतं, पण ऑइल दुधासारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं, निघालं आणि ब्लॉकलाच बारीक क्रॅक सापडली, शिवाय क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आमच्या अण्णांनी वडापच्या, म्हणजे शेअर सीट भरायच्या, काळात आधीच ग्राइंड करून शेवटच्या साइजला आणलेली, पुढं घासायला जागाच नाही. मेढ्याच्या लाइनला त्या जीपनं काय ओढलंय ते तुला माहितीच आहे, तू स्वतः मागं लोंबकळत आलायस. तर आमचा नाइलाज होता. तुमचा ब्लॉक आणि क्रँक चांगली असेल तर सरळ इंजिन बांधून घे, बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम. इंजिनाचा नंबर तोच राहतो, कागदाची कटकट शून्य.

बदलायचंच ठरलं तर त्याच जातीचं घे, हे मी शंभर वेळा सांगीन. कमांडरमधे जुन्याला २११२ सीसीचं प्युजो असायचं, हीटर प्लगवालं, नंतर २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमधे मारणारं, आलं. हे डीआय म्हणजे बोअर, सिलिंडरची रुंदी, ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक, पिस्टनची चाल, १०१.६, इंचात साडेतीन आणि चार, महिंद्राच्या जुन्या ट्रॅक्टरचं माप आहे ते, म्हणून आवाज पण तसाच आणि म्हणूनच गावाकडचा कुठलाही मिस्त्री त्याला घाबरत नाही. तुमचं कुठलं आहे ते आधी बघ, दोन्हीचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन चॅसीवर बसतं ती जागा, आणि गिअर बॉक्सला जोडणारं बेल हाउसिंग वेगळं, एकाच्या जागी दुसरं नुसतं बोल्ट आवळून बसत नाही. आणि तुझ्या धाकट्याला स्कॉर्पिओचं कॉमन रेल, म्हणजे सेन्सरवर चालणारं नवं डिझेल इंजिन, बसवायची हौस येणार, लिहून ठेव. त्याला सांग की नुसतं इंजिन येत नाही, ईसीयू म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, सगळी वायरिंग, सेन्सर, डिझेलची लाइन सगळं येतं, एक वायर तुटली की कास रोडला गाडी उभी आणि रेंज पण नाही. वर ते पळणार, थांबवायला ब्रेक जुन्या काळातलेच. आरटीओ विचारणार ते वेगळंच.

जुनं इंजिन घ्यायला जाशील तेव्हा न सांगता जा. सांगून गेलास तर ते आधीच गरम करून ठेवतात, म्हणून पहिल्यांदा ब्लॉकला हात लावून बघायचं, थंड असेल तरच चालू करायला सांगायचं. एका ठिकाणी आम्हाला "परवाच उतरवलंय" म्हणून जे दाखवलं त्याच्या फिल्टरमधे उंदरानं घर केलेलं. इंजिन खाली पडलेलं असेल, चालू करून बघता येणार नसेल, तर ऑइल चेंबर खोलून एखादी बेअरिंग कॅप काढायला लाव, नाही म्हणाला तर दुसरीकडं चल. नंबर नीट बघ, घासलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर फुकट दिलं तरी घेऊ नको. पक्कं बिल आणि ते इंजिन ज्या गाडीचं होतं तिच्या कागदाची झेरॉक्स, हे घेतल्याशिवाय पैसे सोडू नको, उद्या चोरीचं निघालं तर काका पोलिस स्टेशनला हेलपाटे घालणार का?

पैशाचं सांगतो, इंजिनाचा भाव ऐकून हिशोब करू नको, तेवढ्यात भागत नाही. इंजिन बाहेर आहे तोवर जे हाताला लागतं ते तेव्हाच करायचं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील, फाउंडेशनची रबरं, पाण्याचे सगळे पाइप, रेडिएटर खोलून साफ. आमचा मिस्त्री म्हणाला क्लच अजून वर्षभर जाईल, मी म्हणलं नाही, त्या एका प्लेटसाठी परत गिअर बॉक्स उतरवायची मजुरी कोण देणार. आणि घेतलेल्या इंजिनाला पण निदान रिंगा, बेअरिंगं आणि गॅस्केट नवीन टाकूनच बसव.

बसवायचं काम तसं सोपं, बोनेट, जाळी, रेडिएटर काढला की चेनकप्पी लावून वर. खरी मजा चालू करताना आली. मिस्त्रीनं डिझेलच्या लाइनमधली एअर काढायला डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि मला डिझेलचा हातपंप मारायला बसवलं, आधी नुसता फेस, मग फेसात डिझेल, मग एकसारखी धार, तेव्हा स्क्रू आवळला. मग इंजिन बंद करायची स्टॉपची केबल ओढून धरली आणि नुसता सेल्फ मारला, थांबून थांबून, ऑइलची लाइट विझेपर्यंत. तोपर्यंत इंजिनला पेटूच द्यायचं नाही, कोरड्या बेअरिंगवर पेटलं तर सगळा खर्च पाण्यात. मग केबल सोडली, एकदा घरघरलं आणि धरलं. अण्णा खुर्ची टाकून बसलेले, एवढंच म्हणाले, टॅपेट वाजतायत. खरंच, व्हॉल्व्हच्या तिथं टकटक ऐकू येत होती.

पहिले हजार किलोमीटर निवांत चालव, पन्नासच्या वर नको, एकाच स्पीडला तास तास नको आणि नुसती उभी ठेवून घुरघुर पण नको. ऑइल लवकर बदल, त्यात बारीक कचरा येतोच. आम्ही हे हजार किलोमीटरचं रनिंग झाल्यावर यवतेश्वरचा घाट चढवून बघितला, पाच माणसं आणि खताची पोती घालून, टेम्परेचरचा काटा निम्म्यावरनं हलला नाही.

इंजिन बदललं तर आरटीओला कळवायला १४ दिवस असतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे आहे ते, पण तू आधीच जाऊन परवानगीचं विचारून घे, बिल आणि नंबर घेऊन, म्हणजे नंतर गाडी दाखवायला न्यायची तेव्हा वाद नको. आरसीवर नवीन नंबर चढला की इन्शुरन्सवाल्याकडं पण बदलून घे, हे लोक विसरतात आणि क्लेमच्या वेळी अडकतात.

धाकट्याला रागावू नको, गाडी नुसती उभी ठेवायची असेल तर त्याचंही बरोबर आहे. पण काका अजून शेतावर तिलाच नेतात ना? मग चॅसीचे फोटो पाठव, शॅकलजवळचे जवळून काढ आणि टॉर्च मारून काढ, गेल्या वेळेसारखे अंधारातले नको. चांगली दिसली तर पुढच्या रविवारी मीच मिस्त्रीला घेऊन कोरेगावला येतो, तू पुण्याहून लवकर निघ, खंबाटकीला अडकलास तर आम्ही जेवायला थांबणार नाही. काकूंना सांग भाकरी आणि ठेचा बास, मटणाचा घाट घालू नका, मिस्त्री माळकरी आहे.

तुझा,
बाळ्या