सोमवारीच घेतलेल्या शनिवारच्या सह्या

महोदय,

फोंड्यात आमच्या खिडकीसमोर चार मजली इमारत उभी राहते आहे. गेटवर 'सेफ्टी फर्स्ट'चा फलक आहे, खाली अपघाताविना गेलेले दिवस लिहायला चौकोन. त्यातला ४१ हा आकडा चवथीपासून हललेला नाही.

मी २६ वर्षे साइट सुपरवायझर होतो, त्यामुळे दोष देताना स्वतःलाही वगळत नाही. टूलबॉक्स टॉकच्या, म्हणजे कामाआधी कामगारांना द्यायच्या सुरक्षेच्या सूचनांच्या, रजिस्टरवर आठवडाभराच्या सह्या-अंगठे आम्ही सोमवारीच उरकत असू. बुधवारी गावी गेलेल्या कामगारानेही शनिवारी सुरक्षेचे धडे घेतले, असे आमचा कागद सांगायचा. ऑडिटला येणारे फाइल चाळत, चहा घेत. परांचीवर चढलेला मला तरी एकही आठवत नाही.

१९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती ५०० कामगारांपासून होती, २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २५० वर आणली. पण गोव्यात एका वेळी अडीचशे माणसे किती साइटवर असतात? बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस, तीही तीन मुकादमांत वाटलेली. सेंट्रिंगवाला गिलाव्यावाल्याकडे बोट दाखवतो, गिलाव्यावाला कंत्राटदाराकडे. ४ जानेवारी २०१४ला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले. तेव्हा परवान्यांवर खूप बोललो आपण. रोज सकाळी माणसे वर चढण्याआधी कोण काय तपासतो, हे मात्र विचारायचे राहून गेले.

लहान साइटवर हे काम एकाच मुकादमाच्या गळ्यात घालावे. परांची त्याने तपासावी, तिथेच सहीचा टॅग बांधावा आणि कामगारांशी कन्नड, ओडिया, हिंदी, ज्याला जी कळते तीत बोलावे. बेल्ट दिला म्हणजे झाले नाही. समोरचा पोरगा हुक स्वतःच्याच कमरेला अडकवून तिसऱ्या मजल्यावर गिलावा करतो. मुकादमाला काम थांबवायचा अधिकारही हवा. स्लॅबच्या दिवशी मिक्सर दारात उभा असताना तो कितपत चालतो, ते मी पाहिलेले आहे.

लिफ्टच्या डक्टला कठडा घाला, असे मी तिथल्या सुपरवायझरला परवा सांगून आलो. आज पाहतो तर तोंडावर सिमेंटची रिकामी पोती पसरली आहेत. आता तिथे खड्डा आहे हेही दिसत नाही.

- एक निवृत्त साइट सुपरवायझर, फोंडा